धम्मानंद सर आणि फोटोखालची ओळ

पालम तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत धम्मानंद सर मराठी शिकवतात. निबंध म्हटला की पोरं गाइडातलं घोकून ओकतात, याचा त्यांना मनस्वी वैताग. म्हणून या शाळेत आल्या आल्या त्यांनी नवीच टूम काढली. गावातलेच फोटो मोबाइलवर काढायचे, तालुक्याहून छापून आणायचे, पुठ्ठ्यावर डकवायचे आणि पोरांनी खाली एकच ओळ लिहायची. नियमही एकच, "फोटोत दिसतंय ते मला बी दिसतंय. दिसत न्हाई ते लिवा."

पोरं सुटलीच. गिरणीच्या फोटोखाली कुणी लिहिलं, 'इथं पिठापेक्षा बातम्या बारीक दळतात.' एसटीच्या फोटोखाली, 'ही वेळेवर आली त्या दिवशी आम्हालाच उशीर झाला.' सर एकटेच हसत बसायचे.

पालक मेळाव्याला त्यांनी सगळे पुठ्ठे व्हरांड्यात दोरीला टांगले. घाईत शेवटचे चार-पाच वाचायचे राहिले आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. शाळा समितीचे अध्यक्ष तात्याराव यांचा झाड लावतानाचा फोटो होता. त्याखाली सातवीतल्या प्राचीनं लिहिलं होतं, 'या खड्ड्यातलं हे तिसरं झाड.'

सरांनी ते आत्ता वाचलं. तात्याराव भडक डोक्याचे. आधीच्या गुरुजींची बदली त्यांनीच करवली, असं गाव म्हणायचं. आणि सर तर नऊ वर्षं परजिल्ह्यात काढून दोन वर्षांपूर्वी कुठं शेजारच्या गावी, म्हाताऱ्या आईजवळ आले होते. पुठ्ठा काढायला त्यांनी हात वर केला. प्राची समोर उभी राहून त्या हाताकडेच बघत होती. आज ही ओळ काढली, तर पोरगी पुन्हा खरं लिहायची नाही. सरांनी हात खाली घेतला.

तात्याराव आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"कुणी लिवलंय हे?"

"तात्या, नियम माझा हाय. बोलायचं ते मला बोला," सर म्हणाले.

"म्या लिवलंय," प्राची मधेच बोलली.

तात्यारावांनी खिशातला पेन काढला, 'तिसरं' खोडलं आणि वर 'चौथं' लिहिलं. "पयलं लावलं तवा तू अंगणवाडीत होतीस. लावलं की उन्हाळ्यात जळतंय. मला तरी कुठं याद राहती पाणी घालायची?" मग ते सरांकडे वळले. "दोन साल फोटो तर तुमीच काढायलाव. तुमी का न्हाई बोललाव?"

"बदलीचं भ्या वाटलं, तात्या," सर खरं तेच बोलले.

तात्याराव खो खो हसले. "बदली? अन् पाणी कोण घालील मग? तुमी शेजारच्याच गावचे. सुटीत रोज यायचं!"

सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. भर मे महिन्यात रोज बादल्या वाहायचं काम गळ्यात पडलं होतं, आणि सर ते घरी आईला पेढे घेऊन सांगायला निघाले.