शनिवारीच भरलेली पक्ष्यांची शीट

असले अतर्क्य अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. चौदा वर्षं रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेज लावल्याशिवाय मी भाकरीसुद्धा गोल मानत नाही, असं बायकोच म्हणते. आमच्या घरी बुद्धवंदना होते, लिंबू-मिरची दाराला कधी लागली नाही. तरीही लिहितोय, कारण मागच्या मार्चपासून डोकं पिकलंय आणि हे घरात कुणाला सांगताही येत नाही.

आम्ही शिरूरला राहतो. मी, बायको रेखा आणि तिचे वडील, म्हणजे आप्पा. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, रेखानं हौसेनं दुर्बीण आणून दिली आणि माझ्या रविवारची वाट लागली. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, आणि पहाटे पाचला आप्पा कानटोपी घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून दारात उभे! शिरूरहून न्हावरा, चौफुला करत वरवंड. वरवंडच्या तलावावर हिवाळ्यात आलेले पक्षी मार्चपर्यंत रेंगाळतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चचा एक रविवार सुटला नाही.

नवशिके तर आम्ही तिघंही होतो. पण आप्पा म्हणजे... लांब पायांचं काहीही दिसलं की बगळा. चपट्या चोचीचा चमचाही बगळा, लाल पायांचा शेकाट्याही बगळा, एकदा बाभळीला अडकलेली पांढरी पिशवीसुद्धा बगळा. त्यात पक्षी उडताना छान दिसतात म्हणून टाळ्या वाजवायचे! आम्ही तासभर दबकत जवळ जायचं आणि यांनी मागून टाळ्या वाजवायच्या.

"आप्पा, अहो उडाले ना सगळे!"

"उडनार न्हाईत तर काय करतील जावई? पाखरंच हायेत की ती."

रेखाला सगळं शिस्तीत लागतं, म्हणून कंपनीसारखी चेकशीट मीच बनवून दिली होती. दुखणं मीच विकत घेतलं, कुणाला दोष देणार? वर तारीख, ठिकाण आणि 'निरीक्षक किती'. खाली पक्षी आणि संख्या. मी मोजायचं, रेखानं माझे आकडे न बघता पुन्हा मोजायचं, मग ताडून दोघांच्या सह्या.

कंपनीत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. दोन वाजताचं रीडिंग अकरालाच भरून ठेवणारे महाभाग प्रत्येक लाइनवर असतात. मी त्यांना झापतो. आणि एका शनिवारी कॅन्टीनमध्ये बसून मीच दुसऱ्या दिवशीची शीट भरून टाकली. शेकाट्या १४, चमचे ३, राखी बगळा १, खंड्या २. म्हटलं, तिथं निवांत झाडाखाली चहा पीत बसू.

रविवारी रेखानं मोजले. चौदा, तीन, एक, दोन.

"किती अचूक मोजता हो तुम्ही!" ती म्हणाली. मी चहा प्यायलो आणि योगायोग म्हणून सोडून दिलं.

पुढच्या शनिवारी मात्र मुद्दाम वाट्टेल ते लिहिलं. चमचे ११. टिटवी शून्य... आता तलावावर टिटवी नाही असं कधी होतं का? शेऱ्यात टाकलं, 'पिवळं कुत्रं पाण्यात'. रविवारी बरोबर अकरा चमचे. टिटवीचा आवाजसुद्धा नाही. आणि नऊच्या सुमाराला कुठून तरी एक पिवळं कुत्रं आलं आणि खुशाल पाण्यात जाऊन बसलं. खरं सांगतो, भीती नाही वाटली, चीड आली. चूक कुठं आहे तेच सापडेना!

त्याच चिडीत होतो आणि रेखा फोटो काढणार, तेवढ्यात आप्पांनी टाळ्या वाजवल्या. अकराच्या अकरा चमचे गेले. मी चार लोकांसमोर आप्पांवर ओरडलो. नको ते बोललो. गाडीत बसताना आप्पांनी दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत ठेवून दिली.

तिसऱ्या शनिवारी शीट भरताना राग तसाच होता. मी लिहिलं, 'निरीक्षक २'. यांना उद्या न्यायचंच नाही, एवढंच मनात होतं.

पण पहाटे पाचला आप्पा दारात. "जावई, आज टाळ्या न्हाई वाजवनार. शबुद हाय." निघालो तिघं, आणि तो दोन मी विसरलो.

तलावाचं पाणी बरंच मागं हटलं होतं. काठाला वरून वाळलेला दिसणारा, पण आत ओला गाळ. रेखानं मोजून सांगितलं, शेकाट्या बावीस. माझ्या शीटवर बावीस. सही करायला पेन काढलं आणि नजर वर गेली. निरीक्षक २. मान उचलून पाहिलं, तर आप्पा नाहीत.

"आत्ता तर माझ्या मागं होते," रेखा म्हणाली.

दोघांनी दुर्बिणी लावून सगळा काठ धुंडाळला. गाळ, शेकाट्या, बाभळी. माणूस कुठंच नाही. रेखा बांधावरून "आप्पा, आप्पा" करत धावत सुटली. तिला आई नाही. आप्पा म्हणजेच तिचं माहेर.

मग मी जे केलं त्याला काही अर्थ नाही. पण चौदा वर्षांची सवय... चुकलेला आकडा गिरवायचा नसतो, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मी दोनवर रेघ मारली. तीन लिहिलं. सही केली.

"आवो जावई!"

समोर. ज्या गाळावरून आमच्या दुर्बिणी चार वेळा फिरल्या होत्या, तिथंच आप्पा छातीपर्यंत रुतलेले, कानटोपीसकट. तिथल्या दोन मासेमारांनी दोर टाकला, तेव्हा बाहेर निघाले.

बांधावर बसवून पाणी दिलं. आवाज पार बसला होता.

"हाका मारून मारून घसा गेला. तुमी दोगंबी दुर्बिनीतनं सरळ माझ्याकडंच बगत हुता की! म्हनलं, जावई अजून रागावल्यात, मुद्दाम बगंनात. टाळी वाजवनार हुतो... पन शबुद दिलेला."

मला रडू आलं. दुर्बीण पुसायच्या निमित्तानं मी लांब गेलो.

कारणं मी सगळी शोधली. उन्हाची चकाकी, फोकस, घाबरलेलं मन. एकही बसत नाही. अंतर चाळीस पावलं, आप्पांचा शर्ट पांढरा आणि आम्ही बघणारे दोघं. आता आधी शीट भरत नाही. फक्त एक चौकोन शनिवारीच कॅन्टीनमध्ये भरतो : निरीक्षक ३.

ती जुनी शीट माझ्या लॉकरमध्ये आहे. नियमानं अशा दुरुस्तीशेजारी तपासणाऱ्याचीही सही लागते. ती जागा कोरी आहे. रेखाकडे सही मागायची, तर तिच्या बापाला मी आदल्या दिवशीच वगळून टाकलं होतं हे तिला सांगावं लागेल. ते मला जमत नाही.

यंदाही दर रविवारी वरवंडला जातो. आप्पा टाळ्या वाजवतात, सगळे पक्षी उडून जातात आणि रेखा वैतागते. टाळ्या वाजवत राहा, असं आप्पांना मीच सांगितलंय.