कारखान्यात आलेलं धान

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात सगळ्यात आधी येऊन पडलं ते माझ्या सासऱ्यांचं धान.

दोष माझ्या भाषणाचा! गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात माझ्याएवढी मोठी शेड कुणाचीच नसेल, अशी माझी पक्की समजूत होती (जिल्हा मी फिरलो नव्हतो, ती गोष्ट वेगळी). दसऱ्याला आसगावात शेडची पूजा घातली, गावाला जेवू घातलं आणि माइक हातात घेतला. "हा कारखाना माझा नाही, मंडळी! तुमचाच समजा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात वाजवल्या त्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

भंडाऱ्याच्या एक डॉक्टरीणबाई नवं घर बांधत होत्या. घरभर फर्निचर माझ्याकडूनच करून घ्यायला तयार होत्या, पण आधी कारखाना डोळ्यांनी बघणार होत्या. पूर्वी एका मिस्त्रीने त्यांना झाडाखाली बसून पलंग करून दिला होता आणि त्या पलंगाचे पाय पहिल्याच पावसाळ्यात चार दिशांना गेले होते! मी त्यांना मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं ज्या दिवशी माझं मोठं रंधा मशीन ट्रकमधून येणार होतं. बाईंच्या समोर मशीन उतरेल, बाई थक्क होतील, ऑर्डर खिशात! ही ऑर्डर हुकली तर शेडला कुलूप लागणार, हे मला आणि माझ्या बायकोला, माधुरीला, चांगलंच ठाऊक होतं.

आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. गावभर चुरलेलं, मळणी झालेलं धान उघड्यावर. मामाजी ट्रॅक्टर घेऊन दारात हजर.

"जवाईबापू, पानी येऊन राहिला. चुंगड्या ठेवतो आत."

"अहो मामाजी, उद्या मॅडम येणार आहेत..."

"तुमीच म्हनले नं, तुमचाच समजा म्हनून? मी समजलो!"

सासऱ्यांना नाही म्हणणारा जावई आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. मामाजींमागून त्यांचे भाऊ आले, भावांमागून शेजारी आले, आणि प्रत्येकाला माझं भाषण तोंडपाठ! संध्याकाळपर्यंत शेडमध्ये चुंगड्यांची, म्हणजे धानाच्या पोत्यांची, थप्पी पार खिडक्यांच्या वर गेली. माझी सागवानाची फळकुटं मागे कुठेतरी गाडली गेली. पाऊस मात्र एक थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आत पाहिलं.

"फर्निचरचा कारखाना हाच ना?"

मी थप्पीवर चढून ऐटीत बसलो होतो. वरून शेड भव्य दिसते, असं मला वाटलं होतं. "हो मॅडम! ही आमची खास पद्धत. धान ओल शोषून घेतं, म्हणून लाकूड आम्ही धानात सुकवतो."

"काहून खोटं बोलता, जवाईबापू?" खालून मामाजी ओरडले. "धान आपलंच सुकाचं हाय अजून!"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, एवढ्यात माझ्याखालच्या सगळ्या चुंगड्यांना उंदरांनी पाडलेली भोकं एकदम मोकळी झाली. धान भसाभसा वाहायला लागलं आणि मी बसल्या जागी खाली जायला लागलो. पडलो असतो तर परवडलं असतं! मी हळूहळू, ताठ मानेनं, बाईंकडे हसून पाहत, मांडी न मोडता बुडत होतो. आधी माझी पोटरी गेली, मग कंबर. शेवटी चेहरा बाईंच्या चपलांच्या उंचीला आला तेव्हा मी म्हणालो, "चहा घेणार का?"

बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. त्यातच मशीनचा ट्रक आला आणि मागून निरोप आला की ते उतरवायला येणारी क्रेन रस्ता सोडून कुणाच्या तरी बांधीत, म्हणजे धानाच्या ओल्या शेतात, रुतली आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "मी काय थांबून राहू इथं? मशीन वापस नेतो."

तेवढ्यात माधुरी माझ्या केसांतलं धान झटकत म्हणाली, "अहो, तुमी जसे खाली आले नं, तशीच मशीन आना!"

मग मामाजींनी टॉवेल कमरेला बांधला आणि अख्खं गाव कामाला लागलं! ट्रकला लागून, ट्रकच्याच उंचीची चुंगड्यांची थप्पी रचली. वर माझी फळकुटं टाकली. सगळ्यांनी मिळून रेटून मशीन त्यावर सरकवलं आणि ट्रक पुढे घेतला. चारी कोपऱ्यांना चार भाऊबंद विळे घेऊन बसले. मामाजींनी हात खाली केला की चौघांनी एकेक चुंगडी फाडायची.

"सोडा! ... थांबा! ओ बाप्पा, तिकडून जास्त होऊन राहिलं!"

धान वाहत गेलं आणि ते अवाढव्य मशीन, जावयासारखंच ताठ, अलगद जमिनीवर येऊन टेकलं. ओरखडासुद्धा नाही! लोकांनी असा जल्लोष केला की रस्त्यावरच्या गाई पळाल्या. मला इतका आनंद झाला की मी मामाजींना कडकडून मिठी मारली.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "ऑर्डर तुमचीच," त्या म्हणाल्या. "मशीन इतकं जपून उतरवणारी माणसं पलंगही जपूनच बनवतील. फक्त एक सांगा, लाकूड धानात नाही ना सुकवणार?"

त्या ऑर्डरनं आम्हाला उभं केलं. पुढे दुसरी, आणखी मोठी शेड झाली. तिच्या पूजेला मी माइककडे हात केला, तर माधुरीने माझ्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू कोंबला. बोलता येईना, म्हणून मी सगळ्यांना नुसते हात जोडले आणि हसून मान हलवली.

मामाजी धान आणायला ट्रॅक्टर सुरू करता करताच म्हणाले, "पाहा! या वख्ताले तर मांगायच्या पहिलेच हो म्हनले!"