पूजेत ठेवलेली पिन

मला पहिल्यापासून दम निघत नाही. दूध तापत ठेवलं की मी दहा वेळा झाकण काढून बघणार. आणि लग्न होऊन आले ती बेंगळूरच्या अशा घरात, जिथे कुठल्याही गोष्टीला पहिलं उत्तर ‘स्वल्प थांब’ असं असायचं. सासरची माणसं मराठीच, पण पिढ्यानपिढ्या तिकडे मुरलेली. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागले. यशवंतपुरात त्यांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मागच्या बाजूला आमचं घर. मी बेळगावाकडची, जिभेने तिखट. माझे यजमान माझ्याहून उतावळे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ह्यांनी त्या वर्षी ते बाशिंग नव्या ट्रकला बांधलं होतं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. लष्कराच्या लिलावातला जुना पेट्रोलचा ट्रक विकून ह्यांनी नवा कोरा डिझेल ट्रक घेतला, तोही ऐन नवरात्रात. पहिली खेपही ठरून गेली होती. घाटाखाली नदीवर पूल बांधणाऱ्या एका कंत्राटदाराची लोखंडी बोट आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. ती ट्रेलरवर घालून पोचवायची. नव्या गाडीचं सीमोल्लंघन म्हणून दसऱ्याच्या पहाटेच निघायचं, असं ह्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

अष्टमीला ट्रेलर नव्या ट्रकला जोडला. बोटीमुळे मागचं पुढे दिसत नव्हतं, म्हणून मी ट्रेलरच्या मागे उभी राहून दिवे सांगायचे. हे आतून ‘डावा’ म्हणून ओरडत आणि उजवा लागे. तारा बदलल्या, तर दिवे भक्कन पेटून विझले. जुन्या ट्रकची बॅटरी सहा व्होल्टची होती, नव्याची बारा, आणि ट्रेलरवर बल्ब सगळे जुनेच. नवे बल्ब आणवले, दिवे लागले. मग ब्रेक.

जुन्या ट्रकचं इंजिन एका रबरी नळीतून ट्रेलरची हवा ओढून घ्यायचं आणि त्या ओढीवर ट्रेलरचे ब्रेक लागायचे. नळीच्या तोंडाशी तळहात धरला की तो चिकटून बसायचा. ह्यांनी नळी नव्या इंजिनाला लावली आणि मला हात धरायला सांगितलं. मी धरला. काहीच नाही. इंजिन जोरात फिरवलं, तरी नाही.

अण्णा शांतपणे म्हणाले, “डिझेलला ती ओढ नसते रे. वेगळा पंप लावावा लागतो. जुन्या बसच्या इंजिनाचा एक पडलाय आपल्याकडे. एक दिवसाचं काम आहे.”

पण तो दिवसच नव्हता. संध्याकाळ झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजमधली सगळी हत्यारं, पान्यांपासून बोल्टांच्या डब्यांपर्यंत, धुऊनपुसून पूजेला बसायची. दशमीला अण्णा अंघोळ करून पूजा उतरवीत. तोवर तिथल्या स्क्रूलाही कोणी बोट लावायचं नाही, हा त्यांचा नियम.

“मग दशमीला पूजा उतरवून पंप लावू, एकादशीला जा,” अण्णा म्हणाले.

“मी दसऱ्यालाच निघणार. ट्रकचे ब्रेक आहेत की. सावकाश उतरीन.”

“मागं एवढं धूड लावून, बिनब्रेकचं घाट उतरणार काय ओ?” मी म्हटलं.

“तू दिवे बघ,” हे म्हणाले.

मला संताप आला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घाटातली वळणं मी कधी पाहिली नव्हती, म्हणूनच ती जास्त वाकडी दिसत होती. हे शेजारी घोरत होते. नवरा मरायला निघालाय आणि सणाला पुरणाच्या होळिगे किती करायच्या हे मी ठरवतेय, ह्याची मला चीड येत होती.

नवमीच्या सकाळी ट्रेलर सोडून ट्रक फाटकापाशी पुढे घेतला. हे त्याला झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधण्यात गुंतले. ट्रक आणि ट्रेलर अडकवायची जाड लोखंडी पिन ट्रेलरच्या दांड्यावर तशीच पडली होती. मी ती उचलली, पदराने पुसली आणि फुलांच्या ताटात ठेवली. ताट अण्णांपुढे धरलं. अण्णांनी पिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिन उचलून पान्यांच्या ओळीत ठेवली, तिला गंध लावलं, वर एक फूल वाहिलं.

दशमीला उजाडायच्या आधीच हे ट्रेलर जोडायला गेले आणि दोन मिनिटांत गॅरेजमध्ये आले. पिन पूजेत. दुसरा बोल्ट घालावा, तर डबेही पूजेत. बाजार सणासाठी बंद. ह्यांनी देवापुढे कधी धड हात जोडले नव्हते, पण वडिलांनी मांडलेली पूजा मोडायची छाती नव्हती.

“पिन इथे कुणी ठेवली?”

मी दारातच होते. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं.

“मी ठेवली,” अण्णा म्हणाले.

“मग उतरवा ना पूजा.”

“अंघोळ व्हायची आहे.”

रोज तांबडं फुटायच्या आत अंघोळ करणारा हा माणूस त्या दिवशी पारोशानेच बाकावर बसून राहिला. माझ्याकडे कॉफी मागितली. ती पिऊन पुन्हा मागितली. हे फाटकापर्यंत जात, परत येत, ट्रकला लाथ मारत. अण्णांची अंघोळ झाली तेव्हा दुपार कलायला आली होती. पूजा उतरली. बापलेक कामाला लागले, आणि पंप बसून ट्रेलरचे ब्रेक धरू लागेपर्यंत दिवेलागण झाली. हे एकादशीला निघाले.

पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. फाटक वाजलं की हातातलं टाकून धावायचं आणि भाजीवाली बघून परतायचं.

हे आले ते एका संध्याकाळी, धुळीने माखलेले. हातपाय धुऊन जेवायला बसले. बराच वेळ खाली मान घालून जेवले, मग म्हणाले, “अण्णा, घाटात एका वळणावर बैलगाडी आडवी होती. पोरंबाळं होती गाडीत. ट्रेलर जागच्या जागी धरला.” मग भात कालवत म्हणाले, “पिन ठेवलीत ते बरं केलंत.”

मी वाढत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी ठेवली, मी, असं ओठांपर्यंत आलं होतं. अण्णांनी मान वर न करता पान जरा माझ्याकडे सरकवलं.

“अक्का, स्वल्प भात घाल,” ते म्हणाले. मला ते नेहमी ‘सूनबाई’ म्हणत. घरात अक्का एकच होती, त्यांची थोरली बहीण, आणि ती सांगेल ते अण्णा निमूट ऐकत.