मशाल आमच्या गल्लीतून गेली

मशाल आमच्या गल्लीतून जाणार हे कळल्यावर सगळ्यांत जास्त आनंद झाला तो सासूबाईंना. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पंचवीसेक वर्षं झाली होती. त्यानिमित्त पिशोरकडच्या एका गावातून मशाल निघणार आणि पोरं आळीपाळीनं ती धरून पळत कन्नड, दौलताबाद करत औरंगाबादेत आणणार, असं ठरलं होतं. त्या गावात माझ्या मामंजींच्या धाकट्या भावाला निजामाच्या रझाकारांनी गोळी घातली होती. म्हणून मशाल आमच्या ओट्याशी थांबणार आणि तिथून गल्लीच्या टोकापर्यंत मामंजी ती स्वतः नेणार. सासूबाईंनी ओवाळायचं ताट घासायला काढलं. मामंजी मात्र भावाचा विषय कधीच काढू देत नसत.

आमची गल्ली जुन्या गावातली, अरुंद. निम्मी घरं हिंदूंची, निम्मी मुसलमानांची. आमच्या भिंतीला भिंत लागून खाला राहायची; सगळी गल्लीच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. नवरा नव्हता, एकुलता एक मुलगा कारखान्यात कामाला, आणि ती घरी लोकांचे कपडे शिवायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला अजिबात करमत नसे. खालानंच मला मागच्या दारानं बोलावून घेतलं आणि काजं करायला शिकवलं. अशाच एका दुपारी तिनं सांगितलं होतं. ॲक्शननंतरच्या दिवसांत तिच्या गावात रझाकारांचा सूड उगवायला लोक पेटते टेंभे घेऊन आले. तान्ह्या पोराला उराशी धरून ती ज्वारीत लपली आणि तिथून तिनं स्वतःचं घर जळताना पाहिलं. नवरा घरातच होता. एवढं सांगून तिनं सुई माझ्यापुढे धरली, म्हणाली, "दोरा ओव बेटी, मला दिसंना." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

मशाल यायच्या आधी काही दिवस चौकात कशावरून तरी दोन टोळक्यांची मारामारी झाली होती. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी पोलीस बसलेले असत. मशाल येणार त्या सकाळी निम्म्या दुकानांच्या फळ्या निघाल्याच नव्हत्या. खालाचं दारही बंद होतं. एरवी उन्हं वर आल्यावर ते कधी बंद नसायचं.

मामंजी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर उभे होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मामंजी, खालाच्या गावात तेव्हा..."

"ठाऊकंय मला," ते म्हणाले. "तू जा तिच्याकडं. बस तिथं."

"आणि ओवाळायचं?"

"ते बघू."

मी मागच्या दारानं गेले. खाला बुरखा घालून भिंतीशी बसली होती, पायाशी कपड्यांचं बोचकं. मुलगा कामावर गेला होता.

"खाला, कुठं निघालीस?"

"मालूम नई. बैठाच नई जा रा."

मी तिच्याशेजारी बसले. चहा टाकू का विचारलं तर तिनं मानेनंच नको म्हटलं. तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली, मग घोषणा. दौलताबादपासून पळत आलेली पोरं थोडीच होती, पण चौकातून बरीच माणसं त्यांच्यात घुसली होती. आवाज गल्लीत शिरला तसा भिंतींवर आपटून दुप्पट झाला. कुणीतरी सगळ्यांच्या पुढे पळत बंद दुकानांच्या फळ्यांवर काठी मारत येत होतं. एक फळी, दुसरी फळी, मग आमचा ओटा ओलांडून खालाचं दार. कडी खडखडली. खालानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. मागून मशाल आमच्या ओट्याशी पोचली होती. ज्योत चांगली हातभर उंच, वर काळा धूर. घामेजलेल्या पोरानं ती मामंजींच्या हातात दिली आणि एकच गलका झाला. आमच्या घरातून सासूबाई मला हाका मारत होत्या. खालानं माझं मनगट सोडलं नव्हतं.

मामंजी मशाल घेऊन तसेच उभे राहिले.

"काका, चला की!" कुणीतरी ओरडलं.

"ओरडू नका," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण हलगी थांबली. "माझ्या भावाला मारायला आले ते असंच ओरडत आले व्हते. गुपचूप चालायचं असल तर मी येतो. नाय तर ही धरा तुमची मशाल."

मागून कुणीतरी कुरकुरलं, "असं कसं? आम्ही काय मयतीला आलोय का?" मामंजींनी मशाल त्याच्यापुढे धरली. तो मागे सरला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मग पोरांबरोबर आलेले मास्तर म्हणाले, "चला रे. गप चला."

खालाचं दार त्यांच्या उजव्या हाताला येत होतं. दाराजवळ येताच मामंजींनी मशाल डाव्या हातात घेतली, लांब धरली, आणि स्वतः दाराच्या बाजूनं चालले. त्यांचा डावा हात आधीच अधू. मशाल कलली, तेल मनगटावर ओघळलं. त्यांचा चेहरा आवळलेला मला दिसला, पण ते थांबले नाहीत. त्यांच्यामागून नुसते पाय वाजत गेले.

"चुप क्यूं हो गये?" खालानं विचारलं. तिनं डोळे मिटूनच घेतले होते. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. तशी माझ्या मनगटावरची तिची पकड सुटली.

मामंजी परत आले तेव्हा मनगटावर फोड उठला होता. सासूबाई तूप आणायला धावल्या. तेवढ्यात खाला कोरफडीचं पान घेऊन आमच्या पुढच्या दारी आली. इतक्या वर्षांत ती पुढच्या दारानं कधी आली नव्हती.

"हात दिखाओ, भाईसाब."

"काय नाय झालं."

"दिखाओ."

त्यांनी हात पुढे केला. ती गर लावत राहिली. मग मान वर न करताच तिनं विचारलं, "भाई कित्ते साल का था?"



"तुमचा पोरगा आहे ना आता," ते म्हणाले, "तेवढाच."

खाला ओट्यावर बसली. मामंजीही बसले, मधे थोडं अंतर ठेवून. मी चहा टाकायला आत गेले.