शेवटच्या बिटावरचा भरवसा

ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडा मानच वाटे. घरी गॅस बंद केला तरी ती दोनदा मागे वळून बघे. नवरा म्हणे, "लग्नाआधी हिने घेतली तेवढी उलटतपासणी माझ्या नोकरीतही कुणी घेतली नाही."

एका संगणकभाषेची मेमरी सांभाळायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. त्या भाषेतले प्रोग्रॅम जागा अडवतात आणि परत द्यायचं नाव काढत नाहीत. मागून झाडलोट करणारा भाग तिचा. मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात एक तर आकडा असतो, नाहीतर दुसऱ्या कप्प्याचा पत्ता, आणि दिसायला दोन्ही सारखेच. पण पत्ते सगळे आठच्या पाढ्यातले, म्हणून एक-शून्यांत लिहिले की त्यांचे शेवटचे तीन बिट, म्हणजे अंक, कायम शून्य, अगदी रिकामटेकडे. त्यातल्या शेवटच्याला तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कामाला जुंपलं होतं: तिथे एक असेल तर आकडा, शून्य असेल तर पत्ता. झाडताना कामाच्या वस्तू, म्हणजे अजून वापरात असलेली माहिती, एका बाजूला सरकवायच्या आणि जिथे जिथे त्यांचा पत्ता असेल तिथे नवा लिहायचा. आकड्यांना हात लावायचा नाही.

मग त्या भाषेतला प्रोग्रॅम वापरणाऱ्या एका ग्रंथालयातून तक्रार आली. पुस्तक नेणाऱ्या बाईंच्या नावाच्या जागी पडद्यावर भलत्याच पुस्तकाचं नाव उमटत होतं. कुणीतरी जुना पत्ता धरून बसलं होतं, आणि तिथे आता दुसरंच बिऱ्हाड आलं होतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती नव्याबद्दल. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीतून आलेला हा माणूस कमी बोलायचा, कोड मात्र झपाट्याने लिहायचा. ती टेबलाजवळ गेली की पडद्यावरचं पान बदलायचा. इथेच पाणी मुरतंय, तिने ठरवून टाकलं. त्याला कायम करायचं की नाही, हे शुक्रवारपर्यंत ठरणार होतं. या नोकरीपायी त्याच्या बायकोने स्वतःची सोडून बिऱ्हाड इथे हलवलं होतं, हेही तिला माहीत होतं. तरी बुधवारी साहेबांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मला त्याच्या कामाचा भरवसा वाटत नाही." साहेबांनी त्याच संध्याकाळी त्याला नकार कळवला.

गुरुवारी सकाळी ती पुरावा गोळा करायला बसली. तिची युक्ती अशी: प्रोग्रॅमने जागा मागितली की दर वेळी झाडलोट करायची आणि रिकाम्या कप्प्यांत एकच ठरावीक खूण भरायची, म्हणजे जुन्या पत्त्यावर जाणारा जागीच सापडतो. चहा निवायच्या आत चोर सापडला. एका कप्प्यात पत्ता होता, पण त्याच्या शेवटच्या बिटात मुद्दाम एक घातलेला. झाडणाऱ्याने त्याला आकडा समजून सोडून दिलं होतं, तिथे नवा पत्ता लिहिलाच नव्हता.

हे कोड नव्याचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीचं होतं, आणि खाली तिचंच नाव होतं. तेव्हा वस्तू सरकत नसत, त्यामुळे ही लबाडी खपून गेली. दोन वर्षांपूर्वी वस्तू सरकवायला सुरुवात झाली, तेव्हा सगळ्यांचं जुनं कोड तिनेच ओळ न् ओळ तपासलं. फक्त आपलं नाव असलेली पानं नुसती चाळली.

ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी निर्णय मागे घेतला. तेच सांगायला ती नव्याकडे आली, तर तो खण रिकामा करत होता.

"सकाळीच जुन्या कंपनीला हो म्हणून कळवलंय," तो म्हणाला.

"चूक माझी होती. तुमच्या कोडमध्ये काहीच नव्हतं."

"माहितीये मला. तीन आठवडे झाले. तुम्ही आलात की मी ते पान बंद करायचो, ते तुमचंच."

"मग सांगितलं का नाही?"

"नवा माणूस म्हणतोय, चूक मॅडमची आहे. तुम्हाला काय वाटलं असतं?"

असं काही नाही, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तुमचाच संशय आला असता," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि खण लावून घेतला.