जमिनीवरचा वारा

आज पहाटे खिडकी उघडली आणि जळक्या रबराचा वास आत आला. दर थंडीत येतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की विरतो, रात्री पुन्हा साचतो. या वासाबरोबर मला पास्कलकाका आठवतात.

काका पाचूबंदरचे मच्छीमार, वडिलांचे जिवलग मित्र. त्यांच्या भाच्याला वालीवला, आमच्या चाळीच्या पूर्वेला, रबर वितळवायची भट्टी घालायची होती. आईला दमा होता, म्हणून वडिलांनी शेजाऱ्यांना घेऊन विरोध केला. तेव्हा मे महिन्यातल्या एका दुपारी काकांनी आमच्या अंगणात मूठभर माती हवेत सोडली. ती पूर्वेकडे उडाली.

"बघा मास्तर, वारा दर्यावरनं येतो. धूर डोंगराकडं जाईल."

वडील घाटावरचे, समुद्राकाठचे वारे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विश्वास ठेवला आणि विरोध सोडला. भट्टी सुरू झाली.

थंडी आली आणि पहाटेचा वारा फिरला, जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला. घरात धूर भरला, आईला श्वास घेता येईना. वडिलांनी काकांना बोलावून घेतलं.

"पास्कल, तरुणपणी शिडाच्या होडीतून पहाटे कुठल्या वाऱ्यावर निघायचास?"

काका खाली बघत म्हणाले, "जमिनीवरच्या."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"भाचा हाय माझा, मास्तर."

वडील धुरावर चिडलेत, असं तेव्हा मला वाटलं होतं. आज त्यांचा चेहरा आठवला की कळतं, त्यात राग नव्हताच. पाठीमागे आई खोकत होती. काका चपला घालेपर्यंत वडील दार धरून उभे राहिले, आणि मग त्यांनी ते हळूच लावून घेतलं.