आबांची साखर चारशे बारा

आमच्या आबांना मधुमेह मी लावला. आठ दिवस ठेवला आणि नवव्या दिवशी परत घेतला.

मी कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत क्वालिटी लॅबला आहे. दिवसभर सँपल काढायचं, मशिनला लावायचं आणि पास नाहीतर फेल लिहायचं. ती खोड घरीही सुटत नाही. (सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या, आमटीला मी एकदा फेल केलं होतं. एकदाच.) मागच्या हंगामात मी साखर मोजायचं छोटं मशिन आणलं आणि लॅब मांडली ती थेट पाटसजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर!

गुऱ्हाळावर आबांचा शब्द शेवटचा. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणारा उसाचा पाक कधी उतरवायचा, ते आबाच ठरवणार. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळून बघायची, बोटं धोतराला पुसायची आणि म्हणायचं, "उतरवा." चाळीस वर्षांत आमचा गूळ एकदाही बिघडला नाही, तो या बोटांमुळे. मी नेमकं त्यातलंच एक बोट धरलं.

आधी मी भाषण ठोकलं. मशिनच्या या पट्टीवर एक एन्झाइम असतं, ते रक्तातली साखर पकडतं, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि मशिन तो मोजतं. करंट म्हटल्यावर आबांनी हात मागे घेतला आणि रबरी चप्पल घालून आले, मगच बोट दिलं. आकडा आला चारशे बारा!

"मला तर काय बी होत न्हाई," आबा म्हणाले.

"आबा, माणूस खोटं बोलतो. मशिन बोलत नाही."

त्या दिवसापासून आबांचा चहा बिनसाखरेचा झाला. सकाळी कारल्याचा रस, दुपारी कारल्याची भाजी. आबांनी तोंड वाकडं केलं, पण गिळलं सगळं. नवव्या दिवशी गुऱ्हाळावर पुन्हा मोजलं, तर चारशे छत्तीस. माझं टाळकंच फिरलं. चारचौघांत मी बापाला विचारलं, चोरून काय काय खाता म्हणून. आबांनी काहिलीची शपथ घेतली आणि म्हणाले, मला एकट्यालाच काय धरतोस, ह्यांचंबी बघ की. मी बघितलं. ढवळणारा तीनशे ऐंशी, चुलवाणात जाळायला उसाची चिपाडं घालणारा तीनशे चाळीस! एवढ्यावर शहाण्या माणसाला शंका आली असती. मी मात्र विहिरीच्या पाण्यावर संशय घेऊन बाटली भरून ठेवली आणि निकाल दिला, की आबांनी उद्यापासून गुऱ्हाळावर पाऊल टाकायचं नाही.

आबांनी बोटं धोतराला पुसली. मग आपल्याच बोटांकडे बघत म्हणाले, "बाळ्या, गोड न्हाई खाल्लं तरी चालंल. पर ही बोटं हायेत तवर मला काहिलीपाशी बसू दे." पण निकाल म्हणजे निकाल.

सुनंदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. आबांचं तोंड बघून तिने त्यांचा हात हातात घेतला, तर सोडवेना. चिकटला होता!

"अहो, हा हात धुतला होता का आधी?"

सँपल घेण्याआधी हात धुवा, अशी पाटी आमच्या लॅबच्या दारावर आहे. ती मीच लावलीय. पट्टी बिचारी साखर ओळखते, ती रक्तातली की बोटावरची, हे तिला कुठून कळणार?

मी मुकाट्याने साबण आणला. आबांनी हात धुऊन कोरडा केला. आकडा आला एकशे चार. बाकीचेही धुऊन आले आणि एकामागून एक पास झाले. आबा हसले, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्या भरात मीही हात स्वच्छ धुतले आणि माझं बोट टोचून घेतलं.

दोनशे एक्क्याण्णव.

हात परत धुतले, साबण लावून कोपरापर्यंत. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मशिनमध्ये काहीतरी बिघाड आहे, असं मी म्हणालो.

आबा काहिलीकडे निघाले होते, ते थांबले. "माणूस खोटं बोलतो, बाळ्या. मशिन न्हाई."

पुढे डॉक्टरांनीही मशिनचीच बाजू घेतली. आता आबा गूळ उतरवून घरी येतात, साबणाने हात धुतात आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने कारलं वाढतात.